आईचा खुबा, माझा खुबा

परवा गौरी-गणपतीच्या विसर्जनाला सुखनदीपर्यंत चालत गेलो. घरापासून नदी सात-आठ मिनिटांवर. मला वीस मिनिटं लागली. वाटेत तिघा-चौघांनी विचारलं, "काय रे, वरीस झाला, अजून लंगडतंस?" हसून वेळ मारून नेली. ढोल-ताशात उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी मात्र पूर्ण वाचा.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार. तळेऱ्याहून रात्री साडेआठच्या सुमारास मोटरसायकलने परत येत होतो. पाऊस भुरभुरत होता. आमच्या बाजूचा महामार्ग चौपदरी झाला आणि काँक्रीटचा रस्ता रात्री उबदार आणि कोरडा असतो हा शोध माणसांच्या आधी गुरांना लागला. वळणावर चार-पाच जनावरं निवांत रवंथ करत बसलेली. मोकाट गुरांवर मी स्वतः किमान सहा बातम्या दिल्या आहेत. सातवी मीच झालो. वेग चाळीसच्या वर नव्हता. ब्रेक लावला, गाडी सरकली, मी उजव्या अंगावर आपटलो.

गंमत म्हणजे पहिल्यांदा दुखलंच नाही. उठायला गेलो आणि उजवी टाच जमिनीवरून सुटेना. मेंदू सांगतोय उचल, पाय ऐकत नाही. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर उजवा पंजा बाहेरच्या बाजूला कलंडलेला आणि पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. दोन पोरगे थांबले, भले पोरगे. त्यातला एक म्हणाला, "ओढूया जरा, बसतलो जाग्यार." आणि त्याने ओढला.

त्या क्षणी मी जे ओरडलो ते मलाच ओळखू आलं नाही. पण आवाज ओळखीचा वाटला. तो कुठे ऐकला होता ते रात्रभर आठवत राहिलो. ते पुढे सांगतो.

आधी कामाचं. पडलेल्या माणसाचा पाय असा आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर ओढू नका, चोळू नका, उभं करून "बघ टेकता काय" असं म्हणू नका. आहे तसा उशी, गोणपाट, जे मिळेल त्याचा आधार देऊन आडवं ठेवा आणि १०८ ला फोन करा. पाणी-चहा पाजू नका, कारण शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं लागतं. मला एका ताईने प्रेमाने गरम चहा पाजला होता. भूलवाल्या डॉक्टरांनी त्यावरून माझी चांगलीच हजेरी घेतली.

कणकवलीला एक्स-रे झाला, हाड मोडलेलं दिसलं, आणि नेहमीचा प्रश्न आला: आता कुठे? आपल्याकडे हा प्रश्न ठरलेला आहे. ओरोस, बांबोळी की कोल्हापूर. गोव्याने जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं होतं, त्याच्या बातम्या आम्हीच केल्या. तेव्हा वाटलं होतं, जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय झालं की हा प्रश्न सुटेल. महाविद्यालय झालं. पण रात्री अकरा वाजता मोडलेल्या हाडासकट घरच्यांच्या डोक्यात पहिलं नाव अजून कोल्हापूरचंच येतं. मेव्हण्याची ओळख तिथे, म्हणून तिथे. करूळ घाट त्या वर्षी जानेवारीपासून रुंदीकरणासाठी बंद होता. म्हणजे फोंडा, दाजीपूर, राधानगरी. त्या वाटेवरचे गतिरोधक मी बत्तीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. चालक चांगला होता, प्रत्येकाच्या आधी सांगायचा, "दादा, धरा." काय धरणार?

रविवारी तपासण्या झाल्या, सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. आपण सरसकट 'खुबा मोडला' म्हणतो, पण खुब्याचा सांधा म्हणजे वाटी आणि गोळा. मोडतं ते बहुतेक वेळा मांडीच्या हाडाचं वरचं टोक. गोळ्याच्या खाली हाडाची मान असते, तिथे मोडलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती, म्हणून म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा गोळाच बदलतात. मानेच्या खाली मोडलं तर तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं, पण त्याला आतून आधार लागतो. माझं हे दुसरं. हाडाच्या पोकळीत वरून एक दांडा घालायचा आणि त्यातून गोळ्यात स्क्रू. आपण त्याला सरळ 'रॉड टाकला' म्हणतो. कुंट्शर नावाच्या जर्मन सर्जनने १९४० च्या सुमारास असा दांडा हाडात घालून दाखवला तेव्हा इतर डॉक्टरांना ते वेडेपण वाटलं होतं म्हणे. त्या वेड्या माणसाचे आभार.

कमरेखाली भूल दिली होती, म्हणजे मी जागा होतो. पडद्याच्या पलीकडे ठोकाठोक चाललेली. आमच्या बाजारपेठेत सुताराच्या दुकानाबाहेर उभं राहिल्यासारखं. दुखत नव्हतं, पण टेबलासकट हलत होतो.

दुपारी वॉर्डात आणलं, पायांत अजून जीव नव्हता, आणि फोन वाजायला लागला. एक, दोन, दहा. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला होता. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला, मी त्या कार्यक्रमाला पास गळ्यात अडकवून हजर होतो. सबंध देशाचे कॅमेरे माझ्या जिल्ह्यात आणि मी कोल्हापुरात छताचा पंखा बघत. संपादकांचा फोन आला, "तू कुठे आहेस?" मी म्हटलं, "वॉर्ड नंबर तीन." त्यांना वाटलं मालवण नगरपरिषदेचा.

आता दुखण्याबद्दल.

दर चार तासांनी परिचारिका विचारायची, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" शाळेत गणितात मी काठावर पास. शिवाय हे आकड्याचं काम नाही. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते मला त्या दहा दिवसांत कळलं. टाक्यांजवळ होता तो ठणका, एका लयीत, घड्याळासारखा. कुशीवर वळताना मांडीतून गुडघ्यापर्यंत जायची ती सणक. पहाटे मांडी आतून भरून यायची ती रग. पाय नुसता लटकवला की आंबायचा. आणि बेडपॅन सरकवण्यासाठी दोघांनी कंबर उचलली की जी यायची ती कळ. ठणक्याला गोळी चालते. रगीला हळूहळू केलेली हालचाल चालते. कळेला काहीच चालत नाही, ती येणार आणि जाणार. दुखतंय गुडघ्यात आणि मोडलंय खुब्यात, हाही एक चावटपणा असतो या हाडाचा. म्हातारी माणसं "गुडघो दुखता" म्हणतात आणि आपण गुडघ्याला तेल लावत बसतो.

त्या कळेच्या वेळीच मला आठवलं, महामार्गावर मी जो आवाज काढला तो आईचा होता.

२०१२ च्या जूनमध्ये आई पडली होती. वय एकाहत्तर. त्याच मे महिन्यात आम्ही पडवीला चकचकीत लाद्या घातल्या होत्या. मुंबईच्या भावाने पैसे पाठवले, मी पसंत केल्या. तिला त्या आवडल्या नव्हत्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय धरतो, ह्याच्यावर नाय, असं म्हणाली होती. पहिल्या मोठ्या पावसाची झड पडवीत आली आणि तुळशीकडे जाताना तिचा पाय सरकला. बसल्या उंचीवरून पडावं इतकंच पडणं.

आधी आम्ही पाला बांधणाऱ्या वैद्याकडे नेलं. मी त्यांच्यावर राग धरत नाही. मनगट, घोटा मुरगळला तर त्यांच्या हातांना गुण आहे आणि आमच्या पंचक्रोशीतले अर्धे लोक त्या हातांखालून गेलेत. पण खुबा पाल्याने जुळत नाही. सहा दिवसांनी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आम्ही तिघं भाऊ पडवीत, त्याच लाद्यांवर बसून बोललो. वय झालंय. साखर आहे. टेबलावर काही झालं तर? लाखभर रुपये आणायचे कुठून? राजीव गांधी जीवनदायी योजना त्याच जुलैत सुरू झाली, पण पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते आणि सिंधुदुर्ग त्यात नव्हता. आपल्याकडे ती आली २०१३ च्या नोव्हेंबरात. ही बातमीही मीच लिहिली होती. तोवर आई जाऊन वर्ष झालं होतं.

पण योजना नव्हती म्हणून ऑपरेशन केलं नाही, असं मी आज म्हटलं तर ते खोटं होईल. लाद्यांना पैसे होते. मागितले असते तर उसने मिळाले असते. खरी गोष्ट ही की 'आता ह्या वयात कशाला' हे वाक्य आम्हा तिघांनाही सोयीचं होतं. ते सगळ्यात आधी कोण बोललं ते मला आठवत नाही. मी असेन.

पायाला विटा बांधून वजन लावलं. खाटेचं पायतं उंच केलं. पाच महिने. तिला कूस बदलताना, चादर काढताना ती ओरडायची. रात्री दोनला, तीनला. आणि मी, दिवसभर बातम्यांसाठी वणवण करून आलेला, एकदा नव्हे अनेकदा म्हणालोय, "गप रव गो जरा, इतक्या काय झाला!"

इतक्या काय झाला ते मला बारा वर्षांनी वॉर्ड नंबर तीनमध्ये कळलं. आणि माझ्या हाडात रॉड होता. हाड धरून ठेवलेलं होतं. तिच्या हाडाची दोन टोकं सुटी होती, दर हालचालीला एकमेकांवर घासत होती. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. दिवाळीच्या तोंडावर गेली. "माका एकदा उठवन बसव रे" हे ती शेवटपर्यंत म्हणत होती. आम्हाला वाटायचं हट्ट आहे. डॉक्टरी भाषेत तोच उपचार आहे हे मला माहीत नव्हतं.

कारण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता एक पंचविशीची फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन आली आणि म्हणाली, "काका, चला उभं राहायचं." मला वाटलं चेष्टा करते. पण जगभर आता हाच शिरस्ता आहे. ब्रिटनमध्ये तर खुबा मोडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून ठेवतात. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली का, त्याच्या पुढच्या दिवशी माणूस उभं राहिलं का, हे रुग्णालयवार मोजतात आणि जाहीर करतात. कारण हाडाने माणूस मरत नाही, पडून राहण्याने मरतो. छाती, रक्ताच्या गुठळ्या, पाठीच्या जखमा, लघवीचा जंतुसंसर्ग, ही सगळी खाटेची देणगी. चांगले उपचार मिळूनही हे दुखणं लहान नाही. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले तेव्हा थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्याचं बातमीत होतं. ८६ वर्षांचे होते. पण पन्नाशीतल्या राज ठाकरेंची तीच जागा २०२२ च्या जूनमध्ये लीलावतीत दुरुस्त झाली आणि काही महिन्यांत ते पुन्हा दौऱ्यावर होते. वय, हाड कसं मोडलं आणि त्यानंतर कोण चालवून घेतं, यावर सगळं ठरतं. यातलं तिसरं आपल्या हातात असतं. असायला हवं.

तर उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे, घामाने बनियन भिजली, सात सेकंदांत खाली. दुपारी वीस सेकंद. तिसऱ्या दिवशी चार पावलं, दारापर्यंत नाही, खाटेच्या पायथ्यापर्यंत. उजव्या पायावर फक्त बोटं टेकवायची, भार दोन्ही हातांवर. तिने मंत्रासारखं पाठ करून घेतलं: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ती म्हणायची, "चांगला स्वर्गात जातो, वाईट खाली जातो, असं लक्षात ठेवा." आजतागायत विसरलेलो नाही.

३१ ऑगस्टला घरी आलो आणि तेव्हा कळलं की आमची कोकणातली घरं मोडलेल्या खुब्यासाठी बांधलेलीच नाहीत. खळ्यातून पडवीत दोन पायऱ्या, पडवीतून माजघरात उंबरठा, न्हाणीत उतरायला एक पायरी, संडास मागच्या दारी आणि तोही बसायचा. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्यांची पाखाडी, त्यावर शेवाळ. बायकोने आणि पोराने दोन दिवसांत जे केलं ते आम्ही २०१२ मध्ये करायला हवं होतं. न्हाणीत दोन ठिकाणी लोखंडी दांड्या ठोकल्या. प्लास्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून ती संडासावर ठेवली. चालायच्या वाटेवरच्या लाद्यांवर काथ्याची पायपुसणी खाली रबर लावून चिकटवली. रात्रीचा एक दिवा कायम चालू ठेवला. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत.

गणपती ७ सप्टेंबरला. पूजेला पाटावर बसता येत नाही. घरात पहिल्यांदा पोराने पूजा सांगितली तशी केली आणि मी खुर्चीवर पाय लांब करून आरतीला टाळ वाजवले. भटजी म्हणाले, "देवाक चलता." देवाला चालतंच, मला चालत नव्हतं. विसर्जनाला घर रिकामं झालं. वाडीतली सगळी माणसं नदीवर आणि मी पडवीत वॉकर धरून एकटा. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी नदीवर चालत जायचं.

फिजिओथेरपीचं सांगतो, कारण या पोस्टचं खरं कारण तेच आहे. शस्त्रक्रिया एक तासाची, चालायला शिकणं एक वर्षाचं. आणि त्या एका वर्षासाठी आमच्या भागात जवळजवळ काहीच नाही. कणकवलीहून एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी यायला तयार झाले, प्रवासासकट एका वेळचे आठशे रुपये. वार्ताहराला कॉलमच्या मापाने पैसे मिळतात हे जाणकारांना सांगायला नको, आणि पडलेला वार्ताहर शून्य कॉलम लिहितो. चार वेळा बोलावलं, मग व्हिडिओ कॉलवर. खारेपाटणात पाऊस असला की रेंजही आडवी पडते. ते पलीकडून ओरडायचे, "पाय बाजूला उचला, बाजूला!" आणि चित्र गोठायचं. मी पाय हवेत धरून पडलेला.

सहा आठवड्यांनी एक्स-रेत हाड धरलेलं दिसलं आणि भार टाकायला परवानगी मिळाली. मला वाटलं आता संपलं. तिथून तर सुरू झालं. कमरेच्या बाजूचे स्नायू इतके सुकले होते की उजव्या पायावर उभं राहिलं की डावी कंबर खाली पडायची. बघणाऱ्याला वाटतं पाय दुखतोय म्हणून लंगडतो. तसं नाही. दुखणं गेलं तरी लंगडणं राहतं, कारण तो स्नायू कमकुवत असतो. त्याला एकच औषध, कुशीवर झोपून पाय वर उचलायचा. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, महिनोन्महिने. कंटाळा हा या उपचाराचा सगळ्यात मोठा दुष्परिणाम.

आणखी एक. काठी कुठल्या हातात धरायची? बाजारात मला रोज कोणीतरी दुरुस्त करायचं, "अरे, दुखरो पाय उजवो ना, मग काठी डाव्या हातात कित्याक?" काठी चांगल्या बाजूच्या हातातच धरायची. चालताना दुखरा पाय आणि पलीकडचा हात एकदम पुढे जातात, भार वाटला जातो, कंबर पडत नाही. सिनेमातले म्हातारे बघून आपण उलटं शिकलोय.

नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाला वॉकर घेऊन गेलो. केंद्रावर उतार होता, व्हीलचेअर होती, ढकलायला स्वयंसेवक होता. अगदी राजासारखं मतदान केलं. दुसऱ्या दिवसापासून ती व्हीलचेअर कुठे आहे हे शोधतोय. आणि एसटी! पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, चांगलं आहे. पण त्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा मोडलेल्या खुब्याने चढून बघा. डिसेंबरात खारेपाटण स्टँडवर मी तीन गाड्या सोडल्या, चौथीला वाहकाने खाली उतरून काखेत हात घातला. कणकवलीला उतरताना तर बसूनच उतरलो.

त्याच डिसेंबरात तपासणीला कोल्हापूरला जाताना आईची ट्रंक उघडली. २०१२ चा एक्स-रे अजून होता, कडांना बुरशीचे डाग पडलेला. का नेला, मलाही नीट सांगता येणार नाही. माझी तपासणी झाल्यावर तो सर्जनना दिला. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. थोडा वेळ बघितला. म्हणाले, "हे तुमच्यासारखंच आहे. जवळजवळ त्याच जागी. कोणाचा?" सांगितलं. त्यांनी विचारलं, "ऑपरेशन?" मी मान हलवली. ते पुढे काही बोलले नाहीत. एक्स-रे परत पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

भावांना मी हे अजून सांगितलेलं नव्हतं. आता इथेच वाचतील.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतली एक काकी पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षं. विहिरीवर नाही, डोंगरावर नाही, घरात, रात्री लघवीला उठताना. पाय आखूड, पंजा बाहेर. मी काठी टेकत गेलो तर पडवीत बैठक बसलेली. वय झाला, साखर आसा, टेबलार कायतरी झाला तर. शब्द न् शब्द तोच. पाला आणायला माणूस निघालाच होता. मी कधी कोणाच्या घरात एवढ्या आवाजात बोललो नव्हतो. काकीच्या मुलाला म्हटलं, "तिका विचार, तिका काय व्हया ता!" कोणी विचारलंच नव्हतं. काकी आतून म्हणाली, "माका कपिलेश्वराच्या पायरीर बसाचा आसा." बस.

योजनेची मर्यादा आता पाच लाख आहे, १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, रेशनकार्ड-आधार सोबत ठेवा आणि रुग्णालय यादीत आहे का हे आधी विचारा. मी पत्रकार असून रात्रीच्या गडबडीत स्वतःसाठी हे विचारलं नव्हतं आणि एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज पतसंस्थेत फेडतोय. काकीचं योजनेत बसलं. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. घरी आली तेव्हा माझा वॉकर तिला दिला आणि पाय उचलायचं तंत्र मी शिकवलं, सांगाल तर अर्धवट डॉक्टर. आज ती खळ्यात फिरते. मला शिव्या देते, कारण मी रोज सकाळी मोजायला जातो.

मुद्दा हा की काकीला शिकवायला मी का? केंद्राचा वृद्ध आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटा, फिजिओथेरपी, खालच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या जिल्ह्यातली तरणी पोरं मुंबईला, घरात म्हातारी माणसं आणि ओल्या लाद्या. खुबे मोडायला याहून सोयीची जागा नाही. मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वारी, एक फिजिओथेरपिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावा. शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाची यादी आशाताईंकडे असावी. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशात पेव्हर ब्लॉक बसतात, त्यात पाखाडीला एका बाजूने लोखंडी कठडा बसू शकतो का हे गावसभेत विचारायला काय हरकत आहे? पुढच्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी यावं, खुर्च्या असतील.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात. फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे. किती जणांनी अर्ज केले ते विचारा आपापल्या वाडीत.

आणि शेवटचं. ऑपरेशन झालेल्या बहुतेक घरांत सहा महिन्यांनंतर वॉकर माळ्यावर जातो. गेल्या महिन्यात मी तीन गोळा केले, एकाचं रबर गेलंय, ते बाजारात तीस रुपयांना मिळतं. तुमच्या माळ्यावर वॉकर, काठी, कमोड खुर्ची काही असेल तर कळवा, मी पोराला पाठवतो. खारेपाटण, चिंचवली, शेर्पे, कुरंगवणे, जवळच्या कुठल्याही गावात. सध्या शेर्प्यातल्या एका आजोबांना वॉकर हवाय, उंची बेताची आहे, कमी-जास्त करता येणारा असेल तर बरं.